राजाचे कान टोचणारे

१७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीवर दुसरे संभाजीराजे होते. वय जेमतेम सतरा. त्यांचे अमात्य रामचंद्रपंत नीलकंठ बावडेकर साठी उलटलेले. तरुणपणी शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत बसलेले, संभाजी महाराजांची कारकीर्द आणि तिचा भीषण शेवट पाहिलेले, राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर ‘हुकूमतपनाह’ म्हणून इथला लढा सांभाळलेले, ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिलेले आणि १७१४ च्या राजवाड्यातल्या उलथापालथीनंतर राजसबाईंच्या मुलाचा, म्हणजे याच संभाजीराजांचा, कारभार हाती घेतलेले. एवढे सगळे पाहून झालेल्या माणसाने कोवळ्या राजाला काय सांगावे? ‘आज्ञापत्र’ हे त्याचे उत्तर. १७१६ मध्ये रामचंद्रपंत वारले.

याच्या हजारेक वर्षे आधी, युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंडमध्ये असाच प्रसंग कुणीतरी लिहून ठेवला. मोरान नावाचा न्यायाधीश मरणाच्या दारात आहे. परक्या मुलखात वाढलेला फेरादाख राज्यावर बसायला येतो आहे. मोरान आपल्या नेरे नावाच्या मानसपुत्राला बोलावतो आणि राजाला काय काय सांगायचे ते एकेक करून त्याच्याजवळ देतो. इसवी सन ७०० च्या आसपासच्या जुन्या आयरिश भाषेतले हे ‘मोरानचे मृत्युपत्र’ आयर्लंडच्या राजोपदेशपर वाङ्मयातला सर्वांत जुना महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो. फर्गस केली यांनी १९७६ मध्ये डब्लिनहून त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. दुसरा तेवढाच प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे ‘कॉर्मॅकची शिकवण’. त्यात राजपुत्र कार्ब्रे प्रश्न विचारतो आणि बाप कॉर्मॅक उत्तरे देतो. कुनो मायर यांनी तो १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इकडे म्हैसूरला शामशास्त्रींनी कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ छापून बाहेर काढले. दोन टोकांच्या दोन परंपरा एकाच साली आधुनिक वाचकाच्या हाती पडल्या.

मराठी मुलखातल्या राजोपदेशाचा आढावा घ्यायचा, तर पुण्यात फार लांब जावे लागत नाही. कोथरूडहून कर्वे रस्त्याने नळस्टॉपला यावे आणि लॉ कॉलेज रस्त्याला वळावे, की भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था लागते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. भारतीय राजोपदेशाचा सगळ्यात मोठा साठा असलेले शांतिपर्व त्या आवृत्तीत श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी संपादित केले. संभाजी महाराजांचा ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथही याच संस्थेने १९२६ मध्ये ह. दा. वेलणकरांच्या संपादनाखाली छापला. कोथरूडच्या एमआयटी संकुलात राजकीय नेतृत्वाचे शिक्षण देणारी ‘स्कूल ऑफ गव्हर्नमेंट’ २००५ पासून चालते. राज्य चालवणाऱ्याला आधी शिकवले पाहिजे, हा विचार या भागाला नवा नाही.

पण शिकवणार कोण? राजोपदेशाचा खरा प्रश्न हाच आहे. ज्याच्या एका शब्दावर डोके उडू शकते, त्याला त्याचे दोष कोणी सांगायचे? ‘सोनारानेच कान टोचावेत’ असे मराठीत म्हणतात. राजाच्या बाबतीत हा सोनार फार विचारपूर्वक निवडलेला दिसतो. मोरान मरायला टेकला आहे. कॉर्मॅकचा एक डोळा गेला आहे आणि व्यंग असलेल्याने राज्य करायचे नाही या दंडकामुळे तो गादीवरून उतरला आहे. भीष्म शरपंजरी पडले आहेत. रामचंद्रपंतांचे थोडेच दिवस उरले आहेत. सांगणारा जाण्याच्या वाटेवर, ऐकणारा येण्याच्या वाटेवर. ज्याला राजाकडून आता काहीच नको आहे, त्याच्याच तोंडी कडू शब्द शोभतात आणि त्याच्यावर स्वार्थाचा आरोपही सहज चिकटत नाही. आयरिश ग्रंथ, महाभारत आणि आज्ञापत्र या तिघांना जोडणारा हा धागा त्यांतल्या कोणत्याही नीतितत्त्वापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

नीतितत्त्वे तर सगळीकडे सारखीच असतात. राजाने खरे बोलावे, दुबळ्याला राखावे, खुशामत्यांना दूर ठेवावे, न्याय विकू नये. मोरानच्या उपदेशात राजाच्या सत्याला फार मोठे स्थान आहे. राजा सत्याने वागला तर रोगराई आणि विजा दूर राहतात, पीक येते, गाई दूध देतात, नद्यांत मासे वाढतात. खोटेपणाने वागला तर हे सगळे ओसरते. खुद्द मोरानविषयी अशी कथा आहे, की त्याच्या गळ्यातले कडे खोटा निवाडा दिला की आवळत असे. राजाच्या वागण्यावर पाऊसपाणी अवलंबून असल्याची ही कल्पना आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटणार नाही. राजाच आपल्या काळाला चांगले-वाईट रूप देतो, असे शांतिपर्व बजावते. आयरिश अभ्यासक माइल्स डिलन यांनी १९४७ मध्ये सत्याच्या उच्चाराने इच्छिलेले घडवून आणण्याची भारतीय ‘सत्यक्रिया’ आणि केल्टिक परंपरा यांची तुलना करणारा निबंध लिहिला आणि दोन्हींच्या मुळाशी एकच प्राचीन वारसा असावा असे सुचवले.

यावर आयर्लंडमध्ये मोठा वाद झाला. एका पक्षाच्या मते या ग्रंथांत ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या आयर्लंडचा आवाज जसाच्या तसा उतरला आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की ते लिहिणारे सगळे मठात शिकलेले होते, बायबल त्यांना तोंडपाठ होते, तेव्हा ‘प्राचीन’ वाटणारा भागही ख्रिस्ती पंडितांनीच घडवलेला आहे. किम मॅकोन यांनी १९९० मध्ये ही बाजू जोरकसपणे मांडली. तिला आधार आहे. सातव्या शतकात आयर्लंडमध्येच लॅटिनमध्ये लिहिलेल्या ‘जगातले बारा अनाचार’ या छोट्या ग्रंथात नववा अनाचार म्हणून अन्यायी राजा येतो आणि त्याच्या पापाने देश कसा उजाड होतो हे तिथेही सांगितले आहे. हा ग्रंथ पुढे युरोपभर वाचला गेला.

मराठी राजनीतीबद्दलही असाच वाद होत आला आहे. आज्ञापत्रात कौटिल्य किती, कामंदक किती, महाभारत किती आणि पंतांचे स्वतःचे किती? अर्थशास्त्राची पोथी विद्वानांसमोर आली ती १९०५ मध्ये. त्याआधी कौटिल्याचा विचार मुख्यतः कामंदकासारख्यांच्या ग्रंथांतून आणि सुभाषितांतून झिरपत आलेला. त्यामुळे आज्ञापत्रात कौटिल्याशी जुळणारे वाक्य दिसले, की पंतांनी अर्थशास्त्र उघडून ते उतरवले असे समजण्यात अर्थ नाही. त्याहून चांगली कसोटी हाताशी आहे. उपदेश कुठे सामान्य राहतो आणि कुठे एकदम बारकाव्यात शिरतो ते पाहावे. जिथे बारकावा येतो, तिथे कुणाचा तरी अनुभव बोलतो.

या कसोटीवर सगळी परंपरा लावून पाहण्याजोगी आहे.

सुरुवात बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्यांपासून करावी. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठी-कानडीच्या सीमेवरचे. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ ते ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, मिळून शंभर. राज्य कसे मिळवावे ही पहिली विंशती, मिळालेले कसे स्थिर करावे ही दुसरी. उरलेल्या तीन राजाच्या उपभोगाच्या, विनोदाच्या आणि क्रीडेच्या. हत्ती कसे धरावेत, मासे कसे शिजवावेत, कोणत्या गाण्याला कोणती भाषा, हे सगळे या ग्रंथात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही मराठी माणसाला प्रिय असलेली नोंद इथलीच. संस्कृतीच्या इतिहासासाठी हा ग्रंथ म्हणजे खाण आहे. राजोपदेश म्हणून मात्र तो सुखवस्तू आहे. इथे राजा स्वतःच सांगतो आणि त्याला टोकणारा कुणी नाही. सोमेश्वर ११३८ मध्ये गेला आणि पुढच्या तीन दशकांतच त्याच्या घराण्याच्या हातून कलचुरी बिज्जलाने सत्ता काढून घेतली.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ प्रचंड आहे, पण त्याचा रोख व्रते, दाने आणि श्राद्धे यांवर. राज्य कसे चालवावे याबद्दल त्याच्याकडून फारसे हाती लागत नाही.

पुढच्या शतकांत राजोपदेश मराठी घराघरात शिरला तो गोष्टींच्या वाटेने. पंचतंत्राचे मराठी रूप असलेल्या ‘पंचोपाख्याना’तून कोल्हे-सिंह दरबार चालवू लागले. वामनपंडितांनी भर्तृहरीची शतके मराठी श्लोकांत आणली. शांतिपर्वातल्या आपद्धर्मात जाळ्यात अडकलेल्या मांजराची आणि चहूकडून शत्रूंनी घेरलेल्या उंदराची गोष्ट आहे. दोघे जन्माचे वैरी, पण त्या रात्रीपुरता तह करतात. उंदीर जाळे कुरतडतो, मात्र शेवटचा धागा पारधी अगदी जवळ येईपर्यंत तोडत नाही आणि संकट टळल्यावर मांजराच्या गोड बोलण्याला भुलत नाही. ही गोष्ट ऐकून मोठा झालेला देशमुखाचा किंवा कारकुनाचा मुलगा पुढे तहाच्या कलमांवर बसला, तर त्याला काय आठवत असेल? ‘सिंहासनबत्तिशी’ही याच वळणाची. विक्रमाच्या आसनावर चढू पाहणाऱ्या भोजराजाला प्रत्येक पुतळी अडवते आणि तुझ्यात विक्रमाचे औदार्य आहे का, असे विचारते. श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यातून १८१४ मध्ये तिचे मराठी भाषांतर निघाले. आयर्लंडमध्ये तारा इथल्या शिळेबद्दल असेच सांगत, की खरा राजा तिच्यावर उभा राहिला की ती ओरडते. आसनानेच राजाची परीक्षा घ्यावी, ही कल्पना दोन्हीकडच्या लोकांना सुचली.

सतराव्या शतकात आवाज बदलतो. शिवाजी महाराजांची दोन पत्रे इथे विसरून चालणार नाही. १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या लष्करी छावणीला त्यांनी लिहिलेल्या पत्रात गवत-दाणा पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, असे बजावले आहे. रात्री जळत्या वाती उंदीर पळवतील, गवताच्या गंजीला आग लागेल आणि मग घोडी मरतील, इतक्या तपशिलापर्यंत राजाची नजर पोचते. १६७६ मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात गरीब शेतकऱ्याला बैल आणि बियाणे द्यावे, दिलेल्याचे फक्त मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे सावकाश उगवून घ्यावे, असे आहे. इथे राजाला कुणी शिकवत नाही. राजाच आपल्या कारभाऱ्यांना शिकवतो आहे. आज्ञापत्राचा सूर याच घराण्यातला.

युवराज असताना संभाजी महाराजांनी रचलेल्या बुधभूषणाचा दुसरा अध्याय राजनीतीला वाहिलेला आहे आणि ग्रंथाचा मोठा हिस्सा त्याच अध्यायाने व्यापला आहे. त्यातले पुष्कळसे जुन्या नीतिग्रंथांतून वेचलेले. म्हणून काहींनी तो बाजूला सारला. ते पटत नाही. विशीच्या आसपासचा राजपुत्र आपल्या पुढच्या कामासाठी कोणते श्लोक निवडून ठेवतो, याला स्वतःचे मोल आहे. बखरींनी रंगवलेल्या बेफिकीर युवराजापेक्षा या पानांतला तरुण फार वेगळा दिसतो.

समर्थ रामदासांचे स्थान वादाचे. दासबोधाच्या अकराव्या दशकातला पाचवा समास ‘राजकारणनिरूपण’ आहे, एकोणिसाव्या दशकातही याच विषयाचा समास आहे. पण तिथला श्रोता राजा आहे की मठ उभारणारा महंत? समास नीट वाचला तर माणसे जोडणारा, त्यांचे मन ओळखणारा, आळस न करणारा संघटक नजरेसमोर येतो. राजाला तो उपयोगी पडेल, पण त्याच्यासाठीच तो लिहिला असे म्हणायला मजकुरात पुरेसा आधार नाही. समर्थांचे संभाजी महाराजांना लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले उपदेशपत्र शाळाशाळांतून पाठ झाले. त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, हेही विद्यार्थ्यांना त्याबरोबर सांगायला हवे.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९० च्या दशकात जिंजीत लिहिली गेली. राजाराम महाराजांनी वडिलांची हकीकत विचारली, त्यावर सभासदाने ती लिहून दिली. वरवर ती चरित्रकथा. पण मोगलांचा वेढा पडलेल्या किल्ल्यात, घराणे टिकते की नाही अशा घडीला धाकट्या मुलाने थोरल्या पुरुषाची रीत समजून घेणे, हा राजोपदेशाचाच एक प्रकार आहे. किल्ल्यांची व्यवस्था, लष्कराची शिस्त, वेतने ही सभासदाने सांगितलेली माहिती म्हणूनच इतकी नेटकी आहे.

आता आज्ञापत्र. त्याच्या तारखेवर वाद झाले आहेत. पु. ना. जोशी, श्री. ना. बनहट्टी, विलास खोले अशांनी त्याच्या आवृत्त्या काढल्या आणि पुणतांबेकरांनी १९२९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर करून ते मराठीबाहेर नेले. नऊ प्रकरणांपैकी पहिली दोन इतिहासाची. शिवाजी महाराजांनी शून्यातून राज्य उभे केले, पुढे ते बुडता बुडता कसे राखले, हे आधी सांगायचे आणि मग म्हणायचे, की राजा, हे तुझ्या हातात आले आहे. मांडणीतच केवढा धाक आहे. सगळा मजकूर राजाच्या आज्ञेच्या रूपात, आतला आवाज मात्र मुरलेल्या प्रधानाचा. राजाला सांगायचे ते राजाच्याच तोंडून वदवायचे, म्हणजे उपदेशाने त्याचा अपमानही होत नाही आणि उद्या राजाने मोडले तर ते स्वतःचेच वचन मोडल्यासारखे होते.

शास्त्रातली राज्याची सात अंगे म्हणजे राजा, अमात्य, देश, दुर्ग, कोश, सैन्य आणि मित्र. पंत ही यादी घोकत बसत नाहीत. ते सावकारांना स्वतंत्र प्रकरण देतात. व्यापारी हे राज्याचे भूषण आहेत, त्यांच्यामुळे अडचणीच्या वेळी कर्ज मिळते, न मिळणारा माल येतो, म्हणून त्यांना पेठांतून वसवावे, परमुलखातूनही बोलवावे. पण लगेच दुसरा इशारा येतो. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच, डेन हे टोपीकर बाकीच्या सावकारांसारखे नाहीत. त्यांच्यापैकी प्रत्येकामागे एक राजा आहे आणि व्यापाराच्या मिषाने त्यांना मुलूख हवा आहे. म्हणून त्यांना वखारीला जागा द्यायचीच झाली, तर समुद्राकाठी किंवा खाडीच्या मुखाशी कदापि देऊ नये. आत, मोठ्या वस्त्यांच्या मध्ये, सखल भागात द्यावी आणि पक्की बांधकामे करू देऊ नयेत. खाडीच्या तोंडाशी जागा मिळाली, की आरमाराच्या जोरावर किल्ला उभा राहतो आणि गेलेली जागा परत येत नाही, हे त्यामागचे कारण. मुंबई, गोवा, वसई डोळ्यांदेखत होती.

वतनदारांबद्दलचे प्रकरण तर स्वतःच्या जखमेतून लिहिल्यासारखे वाटते. राजाराम महाराजांच्या काळात मोगल वतनांची आमिषे दाखवत होते, त्यामुळे इकडूनही वतने आणि जमिनी द्याव्या लागल्या. त्या देण्यात पंत स्वतः होते. आता ते सांगतात, की वतनदार म्हणजे राज्यातले छोटे वाटेकरीच आहेत. परचक्र आले की ते आधी आपले वतन वाचवायला शत्रूला जाऊन मिळतात. त्यांना एकदम मोडूही नये आणि मोकळेही सोडू नये. चाकरी केलेल्याला बक्षीस रोख द्यावे, पगार वेळेवर द्यावा, पण जमीन तोडून इनाम देऊ नये, कारण असे थोडे थोडे देता देता राज्यच संपते. सक्तीच्या काळात आपण काय केले आणि त्याची किंमत काय पडली, हे माहीत असलेला माणूस असे लिहितो.

किल्ल्यांच्या प्रकरणात पाण्यावरचा भाग पाहण्यासारखा आहे. किल्ला बांधण्याआधी पाणी शोधावे. नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत. झरा असला तरी तेवढ्यावर विसंबू नये, वेगळा साठा राखावा, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात. असला तपशील ग्रंथ वाचून येत नाही. तो वेढ्यात पाणी मोजून प्यायलेल्यांकडून येतो.

आणि झाडे. आरमाराला लाकूड लागते. साग वगैरे राज्यातल्या रानातून परवानगीने तोडावा, कमी पडला तर विकत आणावा. आंबा-फणसही जहाजांना चालतो, पण रयतेच्या या झाडांना हात लावू नये. ती एक-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. हा उतारा पर्यावरण दिनाच्या फलकांवर नेहमी दिसतो आणि बहुतेकदा थेट शिवाजी महाराजांच्या नावावर. त्याचे मूळ ठिकाण आरमाराच्या प्रकरणात आहे, हे कळले की त्याचे वजन वाढते. युद्धाची गरज सगळ्यांत मोठी असतानाही राज्याचा हात कुठे थांबला पाहिजे, ते इथे ठरवून दिले आहे. मोरान सत्यवादी राजाच्या राज्यात झाडे फळांनी लवतील असे वचन देतो. पंत झाड कुणाचे, विचारले का, मोल दिले का, एवढेच विचारतात. आयरिश कल्पना भव्य आहे, पण शेतकऱ्याच्या उपयोगाला पंतांची हिशेबी करुणा अधिक येते.

आयर्लंडला न सुचलेली एक गोष्ट मराठीत घडली. ‘कॉर्मॅकच्या शिकवणी’त बायकांवर दोषारोप करणारा लांबलचक भाग आहे, आज तो वाचवत नाही. इकडे अठराव्या शतकात एका पेशव्याला उपदेश केला तो त्याच्या आजीने. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या होत्या. पानिपतावर विश्वासराव गेले, मग माधवराव, मग नारायणराव, तिन्ही मुलगे त्यांच्या डोळ्यांसमोर गेले. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव शनिवारवाड्यात वाढत होता. त्याने दिवस कसा घालवावा, वडीलधाऱ्यांशी कसे वागावे, हे गोपिकाबाईंनी त्याला लिहून कळवले. त्यात राज्यतंत्राचे मोठे सिद्धांत नाहीत, रोजच्या वागण्याची शिस्त आहे. पण पोरवयात गादीवर बसवलेल्या मुलाला नेमके तेच कुणीतरी आपल्या माणसाने सांगायला हवे होते. मराठी राजोपदेशाच्या यादीत हे पत्र क्वचितच घेतले जाते. ते आज्ञापत्राच्या शेजारी ठेवायला हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर साताऱ्याच्या मल्हार रामराव चिटणिसांनी बखरींबरोबर ‘राजनीति’ही लिहिली. अष्टप्रधानांची कामे, राजाची कर्तव्ये सगळे रीतसर. ज्या साताऱ्यासाठी ते लिहिले गेले, तिथल्या छत्रपतींच्या हाती तेव्हा सत्ता जवळजवळ उरलीच नव्हती.

मग या सगळ्याचा उपयोग झाला का? दुसरे संभाजीराजे १७६० पर्यंत राज्यावर राहिले, पण १७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरचे राज्य आक्रसले. टोपीकरांबद्दलच्या इशाऱ्याचे काय झाले ते तर पुण्यानेच दाखवले. तुळाजी आंग्रे जुमानत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांनी विजयदुर्गाच्या खाडीत मराठी आरमार जाळले. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे आणि टोपीकराला खाडीच्या मुखाशी उभे करू नये, हे दोन्ही नियम एकाच दिवशी मोडले. सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यातल्या गच्चीवरून पडून गेले.

एका ठिकाणी मात्र शिकवण ऐकली गेली असे म्हणता येते. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून काढले आणि जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाणे गावातला एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव. कारभारी होते राजा सर टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले, त्रावणकोर आणि इंदूर इथे दिवाणगिरी केलेले. सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार येण्याआधी, १८८१ मध्ये, माधवरावांनी त्यांना व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने इंग्रजीत छापली गेली आणि राहुल सागर यांनी २०२२ मध्ये ती पुन्हा संपादित करून प्रसिद्ध केली. प्रजेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन, राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा, स्तुतिपाठकांपासून सावधपणा, प्रकृतीची काळजी. भाषा इंग्रजी, संदर्भ ब्रिटिश रेसिडेंटच्या काळाचे, पण सांगण्याची ठेवण रामचंद्रपंतांना ओळखीची वाटली असती. १८८२ मध्ये माधवरावांनी बडोद्याची दिवाणगिरी सोडली.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले. त्यांच्या आश्रयाने निघालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ पासून सोमेश्वराचा मानसोल्लास तीन खंडांत छापून झाला. तिसरा खंड १९६१ मध्ये आला, तोपर्यंत बडोदे संस्थान विलीन होऊन बारा वर्षे झाली होती.